काहिलीतले त्रिकोण

माझा एम.ई.चा प्रबंध सासरच्या गुऱ्हाळातल्या काहिलीवर, म्हणजे उसाचा रस आटवायच्या भल्यामोठ्या कढईवर होता, हे ऐकून कोल्हापुरातल्या मैत्रिणी खो खो हसायच्या. हसा म्हटलं! उकळत्या रसाखाली काहिलीचा तळ कुठं तडकेल, हे मला संगणकाकडून काढून घ्यायचं होतं. ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजात एकच संगणक, आणि त्या ठोंब्याला गोलाई कळत नाही. सगळा पृष्ठभाग लहान लहान त्रिकोणांत तोडून द्यावा लागतो. उन्हाळ्यात काहील रिकामी असताना मी मधोमध एक बिंदू घेतला आणि तिथून छत्रीच्या काड्यांसारख्या रेघा काठापर्यंत ओढल्या. कागदावर काय देखणं दिसत होतं!

उत्तर आलं ते भलतंच. तळ म्हणे वर फुगला! मधे सगळ्या रेघा एकवटल्यामुळं त्रिकोण सुईसारखे बारीक झाले होते आणि हिशेब तिथंच बिघडला होता. आता तळाला सारख्या त्रिकोणांची नवी जाळी हवी होती. काहील वर्षानुवर्षं ठोकून ओबडधोबड झालेली, त्यामुळं नवे बिंदू तिच्यातच उतरून मापायचे. सरांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर पुढच्या वर्षी. डोंबलाचं पुढचं वर्ष! मला घरातून पुन्हा सोडणार कोण होतं?

बिद्रीजवळच्या आमच्या गावी धावत पोचले, तर दसरा. काहील चुलवाणावर बसवून पुजलेली, ऊस तोडून आणलेला, आता जाळ घालायचाच बाकी. एकदा पेटलं की उन्हाळ्यापर्यंत विझत नाही.

"मामंजी, आज पेटवू नका. मला परत मापं घ्यायचीत. आत उतरून."

गूळ करणारा गुळव्या उसळलाच. "अवं वैनी, पुजल्याल्या काहिलीत पाय? आन् मुहूर्त? ऊस वाळंल की!"

सासऱ्यांचा आवाज एरवी शिवारभर ऐकू जायचा. त्यांनी उसाच्या ढिगाकडं एकदा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वाळू दे. उद्या पेटवू. पोरी, पाय धू आन् उतर आत."

दिवसभर मी आत बसून खडूनं त्रिकोण आखत होते. मामंजी काठावर आडवी फळी धरून खोली मापायला ओळंबा सोडत होते. येणारेजाणारे टिंगल करायचे, "काय आण्णा, सून शिजवताय व्हय?" ते हसायचे, पण फळी हलू द्यायचे नाहीत.

दिवस मावळता शेवटचं माप झालं. "आता बराबर येईल न्हवं?" त्यांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण त्या माणसाशी खोटं बोलवेना. "माहीत नाही, मामंजी."

"न्हाय आलं तर इझवू की जाळ, परत मापू," म्हणाले आणि फळी खांद्यावर टाकून निघाले. मी तिथंच काहिलीत बसून ढसाढसा रडले.