पाठमोरा

परवा चिमूरच्या बाजारात वाळलेल्या मोहफुलांचा ढीग दिसला आणि त्या गोड, उग्र वासानं मी जागीच थांबले.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा उन्हाळा. शेजारच्या काशीबाईला वाघानं मोहाखालीच नेलं होतं. वाकून फुलं वेचताना, मागून. तिचा म्हातारा कुत्रा एकटाच गावात परतला, तेव्हा आम्हाला कळलं. त्यानंतर त्याला कुणी दारात उभं करेना. माझी माय त्याला घरी घेऊन आली.

"मालकिणीले सोडून पळालेला कुत्रा काऊन ठेवता, बाई?" लोक विचारत.

"वाघ कसा येते, हे गावात त्या एकट्यालेच ठाऊक हाये," माय म्हणे.

त्याला आमचा लळा काही लागला नाही. पहाटे आम्ही वेचायला वाकलो की तो आमच्याकडं पाठ करून जंगलाकडं बघत बसे. मला वाटे, काशीबाईची वाट पाहतो.

एका सकाळी तो उठला. भुंकला नाही. पाठीवरचे केस ताठ करून मागं सरकत माझ्या पायांना टेकला. त्याचं थरथरणं माझ्या पोटरीत शिरलं. मायनं भरली टोपली तिथंच टाकून माझा हात धरला. बांधावरून वळून पाहिलं, तर तो अजून झाडाखालीच होता, तसाच पाठमोरा. आम्ही बांध ओलांडला, तेव्हाच तो पळत आला.

झुडपात काय होतं, कधीच कळलं नाही. दुसऱ्या पहाटे आम्ही पुन्हा त्याच झाडाखाली गेलो. तो पुढं चालत होता.

आता घरात सांडलेले तांदूळ उचलायला वाकले, तरी पाठ उघडी पडल्यासारखी वाटते.