येते मंग, ताई

आमच्या रेडिओ केंद्रावर दर गुरुवारी सकाळी दहा ते अकरा फोनचा कार्यक्रम असतो. नळाला पाणी नाही, रस्त्यावरचे दिवे दिवसा जळतात आणि अंधार पडला की विझतात, सिंहस्थाच्या कामासाठी खणलेला खड्डा कुणी बुजवत नाही, अशा तक्रारी लोक करतात आणि मी त्या ऐकून घेते. मी तिथली नैमित्तिक निवेदिका आहे. नैमित्तिक म्हणजे बोलावलं की जायचं आणि नाही बोलावलं की गप्प घरी बसायचं. वीस-बावीस वर्षं मला बोलावतायत, म्हणून मी जाते.

गप्प बसायला माझं घर फार सोयीचं आहे. नाशिक रोडला दोन खोल्यांत मी एकटी राहते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आम्ही दोघी होतो, तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून शुक्रवार ते बुधवार माझं बोलणं म्हणजे दुधवाल्याला ‘अर्धाच लिटर’ आणि भाजीवाल्याला ‘एवढी नको, निम्मी कर’. जिल्हाभर माणसं माझा आवाज ओळखतात, पण माझ्या जिन्यावर कुणी ओळखत नाही. बुधवारी दुपारी मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत बसते, अगदी निधनवार्तांसकट, नाहीतर गुरुवारी माइकसमोर घसा दगा देतो. शेजारच्यांना वाटत असेल की बाईच्या घरी कुणीतरी आलंय.

या कार्यक्रमात प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. काचेपलीकडे आमचे साहेब बसतात आणि दोन मिनिटं झाली की हाताची दोन बोटं कात्रीसारखी चालवून दाखवतात. त्यातलं अर्धं मिनिट ‘आधी रेडिओचा आवाज कमी करा’ हे सांगण्यातच जातं, कारण फोनशेजारी रेडिओ मोठ्यानं चालू असला की कानात शिट्टी वाजते. कुणीही पहिल्या सांगण्यात आवाज कमी करत नाही. आपलाच आवाज रेडिओतून येतोय हे ऐकायचा मोह कुणाला आवरत नाही, आणि मला त्यांचा राग येतो असं मी वरवर दाखवते.

मावशींचा पहिला फोन पावसाळ्याच्या सुरुवातीला आला. दिंडोरीकडच्या एका खेड्यातून त्या बोलत होत्या, सत्तरीच्या असाव्यात.

“ताई, आमच्या गावात सकाळची गाडी येत नाय. रस्ता खणला तवापासून फाट्यावरूनच निघून जाती. आता रस्ता झाला, तरी ती आपली फाट्यावरूनच. म्हाताऱ्या माणसानं तीन किलोमीटर चालायचं कसं?”

मी तक्रार लिहून घेतली, एसटीच्या आगाराला कळवते म्हणाले. पुढच्या गुरुवारी पुन्हा त्यांचा फोन. गाडी आली नव्हती. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. हळूहळू गाडीचा विषय अर्ध्या मिनिटात आटपायला लागला आणि उरलेलं दीड मिनिट त्या दुसरंच काही सांगायला लागल्या. मुलगा आणि सून सकाळीच द्राक्षबागेत जातात, ते दिवस कलल्यावर येतात. नातवंडं शिकायला शहरात. “दिवसभर घरात मी अन् रेडिओ. तो बोलतो, मी ऐकते. कधी मी बी बोलते त्याच्याशी, पण तो ऐकत नाय.” मी हसले, साहेबांची कात्री चालू झाली आणि मी तिकडे पाहिलंच नाही.

फोन संपवताना सगळे ‘ठेवतो’ म्हणतात. मावशी मात्र म्हणायच्या, “येते मंग, ताई.” उंबऱ्यातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, त्यातलं ते ‘येते’. फोनवर कुणी कुठून निघत नसतं, तरी त्या म्हणायच्या. आणि माझ्या तोंडून आपोआप निघायचं, “या.” आईनं लहानपणी कान पिळून शिकवलेलं होतं, येते म्हणणाऱ्याला या म्हणायचंच. साहेब एकदा म्हणाले, “तुम्ही बोलावताय की काय त्यांना?” मी म्हटलं, “तसं म्हणायची पद्धत असते हो.”

एका गुरुवारी मावशींनी गाडीचं नावच काढलं नाही. एकदम विचारलं, “ताई, तुमच्या घरी कोण कोण असतं?”

सगळा जिल्हा ऐकत होता. काचेपलीकडे साहेब ऐकत होते. माझ्या तोंडून निघालं, “भरलेलं घर आहे, मावशी.”

“बरं झालं बाई,” त्या म्हणाल्या. “तुमचा आवाज ऐकून मला आपलं वाटायचं, या बाईला कुणी हाय का नाय.”

मी पुढचा फोन घेतला, कुठल्याशा कॉलनीतल्या मोकाट कुत्र्यांचा. काय बोलले ते आठवत नाही. इतक्या वर्षांत हजारो माणसांनी माझा आवाज ऐकला आणि छान आहे, गोड आहे, दमदार आहे असं सांगितलं. त्यातलं एकटेपण एकीनंच ओळखलं आणि तिला मी खोटं सांगितलं. परतीच्या बसमध्ये मला स्वतःची इतकी लाज वाटली की माझा थांबा मागे पडल्याचंही कळलं नाही.

दसऱ्याच्या आसपास आम्ही आगारातल्या एका अधिकाऱ्यांनाच फोनवर घेतलं आणि त्यांनी सोमवारपासून गाडी गावात नेतो असं सगळ्यांदेखत कबूल केलं. गाडी खरंच सुरू झाली. साहेब खुशीत होते, कार्यक्रमामुळे काम झालं असं वर लिहून पाठवता येणार होतं. त्या गुरुवारी मावशींचा फोन आला तेव्हा त्या धापा टाकत बोलत होत्या, इतका आनंद.

“ताई, आली बरं का गाडी! दारापुढून गेली. आता येतेच मी.”

“या, या मावशी, नक्की या,” मी म्हटलं. नेहमीपेक्षा दोन शब्द जास्तच म्हटले, कारण मला वाईट वाटत होतं. तक्रार मिटली की फोन करायला निमित्त उरत नाही, आणि त्यांचा फोन येणार नाही तो गुरुवार कसा जाईल याचा मी विचार करत होते.

पुढच्या गुरुवारी कार्यक्रम संपवून मी बाहेर आले, तर फाटकावरच्या रखवालदाराचा वर फोन. “मॅडम, एक आजीबाई आल्यात. तुम्ही बोलावलंय म्हणतात. या म्हणालात म्हणे.”

मी खिडकीशी गेले. फाटकाजवळ हिरव्या लुगड्यातली एक किडकिडीत बाई उभी होती. हातात वायरची पिशवी, तिच्या वजनानं एका बाजूला झुकलेली. दुसऱ्या हातानं ती पदर नीट करत होती. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना करतात तसा.

मला खाली जायचं होतं. हे मी आज लिहिते आहे म्हणून म्हणत नाही, तेव्हाही पाय उचलला होता. इतक्या दिवसांत मला भेटायला म्हणून कुणी आलेलं नव्हतं. पण त्या आल्या असत्या, बसल्या असत्या, आणि मग म्हणाल्या असत्या, चला, तुमचं घर तरी पाहू. मुलं कशी आहेत, सासूबाई आहेत का. नसतं काही विचारलं तरी माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना एका नजरेत कळलं असतं. आवाजावरून ज्यांना कळलं होतं, त्यांना तोंडावरून कळायला कितीसा वेळ लागतो? भरलेल्या घराची बाई अशी दिसत नाही.

मी फोनवर म्हटलं, “मी कुठे बोलावलंय? ते आपलं बोलायची पद्धत म्हणून म्हटलं होतं. त्यांना सांगा, मॅडम घरी गेल्या.”

मी खिडकीपासून लांब झाले. नंतर टेप ठेवायच्या खोलीत जाऊन अर्धा तास कपाटातली धूळ झटकत बसले. कुणी सांगितलेलं नव्हतं, धूळही फारशी नव्हती. अर्ध्या तासानं रखवालदाराला विचारलं, तो म्हणाला, “गेल्या मघाशीच.” त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बाहेर पडून रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर गेले, आणि बाकावर त्या बसलेल्या होत्या.

मागे वळायला हवं होतं, पण तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “बाई, स्टँडवर जायची बस हितंच थांबती ना?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द बोलले असते तरी त्यांनी ओळखलं असतं. मी मान डोलावली.

त्यांनी थोडा वेळ पाहिलं. “बोलता येत नाय का?”

मी पुन्हा मान डोलावली. बावीस वर्षं बोलण्यावर जगलेली बाई मी, आणि दिवसाढवळ्या मुकी झाले.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या आणि सरकून मला जागा करून दिली. मग ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार अशा हिशेबानं मोठमोठ्यानं बोलू लागल्या. “ते रेडिओचं हापिस हाय ना, तिथल्या बाईला भेटायला आले व्हते. या म्हनली व्हती. पण गेली घरी. तिचं बी बरोबर हाय. भरलेलं घर हाय तिचं. समदे वाट पाहात असतील, तिला कुठून येळ?”

मी रस्त्याकडे पाहत राहिले. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, काठोकाठ, अजून कोमट वाफेचा वास येत होता.

“पहाटं उठून उकडल्या. पाच-सहा माणसं तर असतीलच घरात, म्हनून लय घेतल्या. आता माघारी न्यावं तर सून म्हनंल, म्हातारीला कुणी विचारलं नाय.” त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली. “तुमी नेता का? घरी किती माणसं हायेत?”

हात मांडीवर होता. मी एक बोट वर केलं.

त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. माझ्या खांद्याची झोळी ओढून घेतली आणि वायरची पिशवी तिच्यात उलटी केली. ओंजळभरसुद्धा मागे ठेवल्या नाहीत. तेवढ्यात स्टँडची बस आली. चढताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आईच्या मागे कुणी फिरवला नव्हता तसा, आणि बस गेली. मला साधं ‘मावशी’ म्हणता आलं नाही.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात खाली बसले आणि शेंगा सोलून खाऊ लागले. मिठाचं प्रमाण अगदी बरोबर होतं. जेवले नाही, नुसत्या शेंगाच खात राहिले, जबडा दुखेपर्यंत. उकडलेल्या शेंगा ठेवून चालत नाहीत, लगेच चिकट होतात. शेजारी द्याव्यात असं मनात आलं, पण तीन वर्षांत ज्या दाराची कडी वाजवली नाही तिथे शेंगा घेऊन जायचं आणि काय म्हणायचं ते सुचेना. संध्याकाळपर्यंत सगळ्या संपवल्या. वर्तमानपत्रावर टरफलांचा एवढा मोठा ढीग झाला.

शुक्रवारी सकाळी घंटागाडी आली. मी टरफलांची पिशवी दिली, तशी गाडीवरच्या माणसानं ती हातात तोलून पाहिली. इतकी वर्षं माझ्या घरचा कचरा त्याच्या मुठीत मावत आलाय.

“काल पाहुणे होते वाटतं, मावशी?” त्यानं विचारलं.

“हो,” मी म्हटलं. आदल्या दिवशी बसथांब्यावर मुकी झाल्यापासून उच्चारलेला माझा तो पहिलाच शब्द होता.