‘मरतो’ लिहिणारी बाई

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच. बोलायला तोंड तरी कुठं होतं? ऐका आता—आणि मला बरी बाई समजू नका.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या हौशी मंडळानं व्हॉट्सअ‍ॅपवर नाटक करायचं ठरवलं. पात्रं दोनच—कोंडलेली सून आणि तिची शेजारीण. सून रेश्मा, माझी शाळेपासूनची मैत्रीण, शेजारीण मी. दुपारी दोघींनी मेसेज टाकायचे, ग्रुपवरच्यांनी वाचायचे. लिहितंय कोण, ते गुपित. वाचणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, म्हणून भाषा पुस्तकी ठेवायची. कारण आम्ही कोल्हापूरच्या बायका घरात ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतो. त्यांना काय कळणार?

स्वभाव माझा पहिल्यापासून संशयी. लोक रेश्माच्याच मेसेजला लाल बदामाची चिन्हं टाकायला लागले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ही मुद्दाम माझी वाक्यं मारते का? ठरल्यापेक्षा जास्त लिहिते का? मी सारखी तेच तपासत बसायची.

मग त्या दुपारी ग्रुपवर तिचा मेसेज आला—‘सासूनं खरंच कडी घातलीया. दम लागलाय, बोलवंना. दम्याचा पंप भाईर हाय. मरतो मी. कोणतरी या की.’

लोक हसले. मरतो? म्हणजे सुनेच्या नावानं पुरुष लिहितोय तर—पकडला! असं म्हणून सगळे तुटून पडले.

आणि मी? तिचं घर दोन गल्ल्या सोडून. मी शेजारणीच्या नावानं टाकलं, ‘पुरे झालं नाटक.’ वर हसरा चेहरा. बदाम मला आले. मी ते बघत बसले.

हे नाटकच असेल असा संशय आला होता, असं म्हणता आलं असतं. नव्हता हो. एरवी सावलीवर संशय घेणारी मी—त्या मेसेजवर नाही घेतला. ‘मरतो’ वाचलं तेव्हाच मला कळलं, हे खरं आहे.

संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं दार उघडलं. वाचली ती. दवाखान्यात तिनंच विचारलं, “तुला बी नाटकच वाटलं व्हय गं?”

“व्हय,” म्हणाले मी.

“मग रडतीस कशाला? तुझी काय चूक न्हाय.”

आता ती नवऱ्याबरोबर कसबा बावड्यात वेगळी राहते. घराची जादा किल्ली तिनं माझ्याकडं दिलीय—परत असं काय झालं तर तू धावत येशील म्हणून.