मावशी नावाचा व्हॉल्यूम
फिनाईलचा वास आला की मला शेगावचं एक लॉज आठवतं आणि कान आपोआप गरम होतात. तिथल्या सामानाच्या खोलीत कोणाची बॅग कोणत्या रॅकवर आहे, हे सांगणारं सॉफ्टवेअर मी बसवलं होतं आणि बॅगांना चिठ्ठ्या बांधायची जुनी पद्धत मोठ्या ऐटीत बंद करवली होती. एका दुपारी, चहा निवायच्या आत होईल म्हणून, मी सॉफ्टवेअरचा जुना कंटेनर, म्हणजे ते ज्या बंद डब्यात चालतं तो, काढून नवा चढवला. कंटेनर काढला की त्याच्या आतलं सगळं जातं, म्हणून जपायची माहिती बाहेर, व्हॉल्यूम नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायची, हे मला तोंडपाठ होतं. फक्त केलं नव्हतं. कोणाची बॅग कुठे, ही सगळी यादी गेली. समोर एक म्हातारं जोडपं, अर्ध्या तासात त्यांची गाडी आणि रॅकवर शंभरेक बॅगा. बॅगा सांभाळणाऱ्या मावशी तिथंच फिनाईलनं फरशी पुसत होत्या. "आजी, चेन तुटली म्हून नाडा बांधेल होता, तेच ना तुमची?" असं म्हणत त्यांनी बॅग काढून दिली आणि त्या माझ्याकडे वळल्या. "काऊन हो साहेब, खोली धुवाची असली तं सामान आंधी बाहेर काढा लागते. येवढं बी नाई शिकवलं तुमाले?" मग त्या एकेक बॅग ओळखत गेल्या, मी यादी पुन्हा भरत गेलो, या वेळी व्हॉल्यूममध्ये, लॉजच्या काउंटरवरच्या सॉफ्टवेअरचा आणि सामानाचा असे दोन्ही कंटेनर त्याला जोडून. आज माझ्या प्रत्येक सर्व्हरवर अशा व्हॉल्यूमचं नाव 'मावशी' असतं. कंटेनर येतात, जातात. मावशी जागच्या हलत नाहीत.