परबिणीची राधा, आमची चिंगी

बाबांचं वर्कशॉप बंद पडलं तेव्हा मी अकरावीत होते. वागळे इस्टेटमध्ये प्रेस मशीनवर उभा राहणारा माणूस एकदम खाटेवर बसला आणि आमची दहा बाय बाराची खोली आणखी लहान झाली. खाटेला लागून आईचं शिलाई मशीन, मशीनखाली माझी पुस्तकं. आईने ब्लाऊज शिवायला घेतले की जमीन थरथरायची आणि वहीतलं अक्षर वाकडं व्हायचं. म्हणून मी अभ्यासाला बाहेर गॅलरीत बसायचे. गॅलरीत एकच दिवा होता आणि तो शेजारच्या परबिणीच्या मीटरवर होता.

परबीण आमच्याशी बोलत नसे. पाण्याचं पिंप गॅलरीत कुठे ठेवायचं, यावरून तिचं आणि आईचं एकदा जोरदार वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. म्हणजे तोंडावर बंद. बाकी तिला जे ऐकवायचं असेल ते ती मांजरीला सांगायची, आमच्या दारापर्यंत पोचेल एवढ्या आवाजात. चाळीत असं चालतं. कोणी पोराला पुढे करतं, कोणी भिंतीशी बोलतं. परबिणीने मांजर धरली होती.

संध्याकाळची तिची मालिका संपली की ती दारात यायची. काटकुळी बाई, गाऊनवर टॉवेल, हाताला सुक्या बोंबलांचा वास. मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असायचे, मांजर बाजूला.

"राधा, चल आत. लाईट काय म्युनिसिपालटीची नाय. ज्यांना कलेक्टर व्हायचंय त्यांनी आपल्या घरचा दिवा लावावा."

आणि खट्कन बटण. अर्धं समीकरण वहीत, अर्धं डोक्यात, आणि मी अंधारात. असं बारावीच्या परीक्षेपर्यंत चाललं. मला ती आवडायची नाही. पुढे कुठेतरी आवडायला लागली असेल असं वाचणाऱ्याला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही.

मांजर आमची होती. पिल्लू असताना आईनेच तिला पिंपामागून काढलं, ब्लाऊजच्या चिंध्यांत ठेवलं, आणि मी तिचं नाव चिंगी ठेवलं. परबिणीच्या हिशेबात मांजर तिची होती, कारण रोजची मासळी ती घालायची. तिची राधा, आमची चिंगी. मांजर दोन्ही नावांना ओ द्यायची. तिकडे बांगड्याची डोकी खायची, इकडे येऊन दूध प्यायची आणि बाबांच्या पायाशी झोपायची. परबिणीने मात्र आमच्याकडचं पाणी कधी घेतलं नाही, भांडणाच्या आधीही नाही. कारण तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दोन्ही घरांना माहीत होतं.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिली, हे मी आजही ताठ मानेने सांगते. आईने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले, परबिणीच्या उंबऱ्यावरही एक ठेवला. तो तिने उचलला आणि मांजरीपुढे टाकला.

"खा गो राधा. मोठ्या लोकांचा पेढा आहे."

राधाने हुंगला आणि सोडून दिला. तेवढ्यापुरती ती चिंगी होती.

मला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. नोकरी लागल्यावर मी मांजरीला टोपलीत घालून माजिवड्याच्या दवाखान्यात नेलं आणि रेबीजची लस दिली. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. लस त्यांनी मागच्या उजव्या पायात दिली. "हल्ली आम्ही पायातच देतो," म्हणाल्या.

काही दिवसांनी तिच्या मानेवरून हात फिरवताना बोटाला गाठ लागली. कातडीखाली, घट्ट, सुपारीएवढी. मी मोबाईलवर वाचायला बसले आणि वाचू नये ते सगळं वाचलं. लसीनंतर अशी गाठ येते, बहुतेक वेळा बसते; क्वचित एखाद्या मांजरीत ती कॅन्सरची निघते. त्यातलं "बहुतेक वेळा" डोळ्यांना दिसेना, "क्वचित" तेवढं दिसायला लागलं. कामावर काचेच्या नळ्या हातात धरायचे आणि मन त्या मानेवर. संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी मांजर शोधायचे.

एके दिवशी ती आली तर मान कुंकवासारखी लाल. हळद-चुन्याचा लेप, तोही गरम करून थापलेला. मी तो ओल्या फडक्याने पुसून काढला आणि तिला घेऊन गॅलरीत उभी राहिले. आता मीही मांजरीशीच बोलले.

"चिंगे, हे कोणी फासलं? चुन्याने कातडी भाजते. चाटलंस तर तोंड भाजेल. अडाण्यांच्या हातात मान देऊ नकोस."

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"राधा, शिकलेल्यांना आज दिसली होय गाठ? आम्हाला कधीची दिसली. दिवसभर घराबाहेर असतात, त्यांनी मांजरी पाळू नयेत, सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी गाठ चिमटीत धरून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मी तर पायात दिलं होतं. ही मानेवर कशी? दुसरीकडे कुठे इंजेक्शन दिलंत का?"

"नाही," मी म्हटलं. "मांजर आमचीच आहे."

त्यांनी बारीक सुईने थोडं काढून काचेवर पाहिलं. स्पष्ट काही कळेना. "टोचलेल्या जागेची गाठ असती तर मी म्हटलं असतं, थांबू या. पण इथे कोणी टोचलेलंच नाही. काढून तपासायला पाठवलेली बरी. भूल द्यावी लागेल. तिचं वय झालंय, थोडा धोका आहे, तो आधीच सांगून ठेवते. उद्या घेऊन या. सकाळपासून पोटात काही नको, अगदी काही नको. भुलीत उलटी झाली तर जिवावर बेतेल."

घरी येईपर्यंत मला खरी अडचण कळली होती. मांजरीला आम्ही उपाशी ठेवू, पण परबीण ठेवणार नाही. आमच्या खिडकीच्या गजांत एवढं अंतर की मांजर कोंडणं अशक्य, आणि उजाडल्यावर तिचा पहिला फेरा मासळीकडे. म्हणजे सांगणं भाग होतं. मांजर पिंपाच्या झाकणावर बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"चिंगे, उद्या सकाळी कोणी काही घातलं तर खायचं नाही. तुझं ऑपरेशन आहे."

परबिणीचं दार उघडलं. ती काही बोलणार, तेवढ्यात मांजरीने पिंपावरून उडी मारली आणि जिन्याने खाली गेली. गॅलरीत आम्ही दोघीच. बोलायला मध्ये कोणी उरलं नाही.

"कसलं ऑपरेशन?" परबिणीने मला विचारलं. मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"मानेवरची गाठ काढायची. कॅन्सर असू शकतो."

"कॅन्सर कसला? सुईची गाठ ती."

"सुई पायात दिली आहे."

"पायात कुठे? मानेत दिली. मी धरलेलं तिला, आणि तू मला सांगतेस?"

"तुम्ही कधी धरलंत?"

"मैदानात फुकट कॅम्प लागलेला ना, कुत्र्यामांजरांचा. तांदळाच्या गोणीत घालून नेली. हे बघ बोचकारलंय." तिने टॉवेल बाजूला करून मनगट दाखवलं. लाल रेघा सुकत आल्या होत्या.

"मग आम्हाला सांगायचं नाही?"

"का सांगू? मांजर माझी. तू नेलीस ती कोणाला विचारून? एका मुक्या जनावराला दोन-दोन सुया. ह्याच्यासाठी कॉलेजात गेलेलीस?"

"तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी नेलीच नसती. आणि उद्या ती टेबलावर मेली असती, परबकाकी, नुसतं न बोलल्यामुळे."

तिचा चेहरा हलला. क्षणभरच.

"मी तुमच्याशी बोलत नाय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन केला. कॅम्पचं ऐकून त्या हसल्या. दोन डोस झाले म्हणून फार बिघडत नाही, म्हणाल्या. ऑपरेशन तूर्त नको, पण गाठीवर नजर ठेवा, वाढली किंवा महिन्या-दोन महिन्यांत गेली नाही तर लगेच आणा.

तो काळ कठीण गेला. मी रोज बोटांनी गाठ चाचपायचे आणि रोज ती तेवढीच वाटायची. भिंतीपलीकडेही चाचपणी चालू होती, हे कळायला वेळ लागला नाही.

"राधा, आज वाटाण्याएवढी झाली. सांग त्यांना, डोळे तपासून घ्या."

दिलासा देण्याचा सूर नव्हता. माझा अंदाज चुकतोय, एवढंच तिला दाखवायचं होतं. पण वाटाण्याएवढीच झाली होती. हळद तिने पुन्हा लावली नाही. पुढे एका संध्याकाळी बोटाला काहीच लागलं नाही. मी आईला सांगितलं, आईने मशीन थांबवलं, आणि पलीकडून आवाज आला, "कालच गेली."

मग चाळ पाडायची ठरली. सगळ्यांचं सामान गॅलरीत आलं. परबीण डोंबिवलीला मुलाकडे निघाली होती आणि सुनेला घरात मांजर नको होती. निघायच्या दिवशी ती आमच्या दारात आली, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली आणि मांजर आत सोडली. आईने सवयीने पाण्याचा तांब्या उचलला. परबिणीने पिशवीतली स्वतःची बाटली थोडी वर काढून दाखवली. आईने तांब्या खाली ठेवला.

"राधा, ऱ्हा इथे," ती मांजरीला म्हणाली. "शिकलेल्यांचं घर आहे. मासळी मिळायची नाय, सुया मिळतील."

आमच्याकडे न बघता ती जिना उतरली. पुढे दीडेक वर्षाने ती गेल्याचं जुन्या मजल्यावरच्या एकीने कळवलं. आई जाऊन आली. मी गेले नाही.

आता आम्ही कल्याणला राहतो. घर मी घेतलं, दारावरच्या पाटीवर माझं नाव आणि नावापुढे बी.एस्सी. आहे. बाबांना स्वतःची खोली आहे, आईच्या मशीनला वेगळा कोपरा. मांजर म्हातारी झाली आहे. हल्ली ती चिंगी म्हटलं तर कान हलवते आणि राधा म्हटलं तर उठून येते, म्हणून आई तिला राधाच म्हणते. गॅलरीतला दिवा आमच्या मीटरवर आहे. मी तो हवा तेवढा वेळ चालू ठेवते, आणि खाली झोपलेल्या मांजरीच्या मानेवरून हात फिरवते. गाठ नाही.