पाइपवरची बर्फाची नक्षी

कुपवाडच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी बेदाण्याच्या मालाची नोंद ठेवते, तिथे दुपारी मला श्वास घ्यायचीही फुरसत नसते. विश्रामबागचा व्यापारी फोनवर, टेम्पोवाला दारात, सही मागणारा डोक्यावर. त्या दिवशी एका मालाचा नमुना हवा होता. दुसऱ्याला सांगा, तो चुकीचा आणणार, त्यापेक्षा आपला हात जगन्नाथ म्हणून मीच आत गेले.

खोक्यांच्या रांगेच्या टोकाला पाइपवर बर्फ धरला होता. चार वर्षं रोज तो पाइप बघत होते, पाहिला मात्र त्या दिवशी. बारीक पांढऱ्या काड्या, त्यांना आणखी बारीक काड्या, आणि दिव्याच्या उजेडात त्यातून सरकणारा निळसर रंग. मी मान कलवली की रंगही सरकायचा. फार सुंदर होतं ते. मी नुसती उभी राहिले.

दार लागल्याचं मला ऐकूच आलं नाही. दिव्याचं बटण बाहेर. उजेड गेला तेव्हा कळलं.

चाचपडत दाराशी आले. आतून उघडायची कळ हलेना. मोबाइल टेबलावर राहिलेला. ओरडले, तर माझाच आवाज मागच्या खोक्यांमधून, दुसरीच कुणी बाई बोलल्यासारखा ऐकू आला. साताऱ्यात फौजीच्या घरात वाढलेली मी, भुताखेतांना भीक घालत नाही. पण तेव्हा पाचावर धारण बसली. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर आपण इथे गारठून मरणार, हे मला स्वच्छ समजलं. मी दारावर हात बडवत राहिले.

बऱ्याच वेळाने नवा माल आला म्हणून हमालाने दार उघडलं. मी त्याच्यावर तुटून पडले. "आत माणूस आहे का बघायचं नाही? डोळे फुटले होते?"

तो गांगरला. "आवं ताई, मी हाक मारली की. दार लावू का, म्हनलं. तुमी म्हनला, हां, लाव."

"मी?"

"दोनदा इचारलं. दोनदा म्हनला."

मला काहीच आठवत नव्हतं.

मी धावत टेबलाशी जाऊन घरी फोन लावला. सकाळी निघायच्या घाईत माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं काहीतरी विचारलं होतं. मी "हां, जा" म्हणाले होते. ती कुठे जायचं विचारत होती, ते मला आठवेना.