बुडण्यासाठी केलेली बाग

वर्तकनगर सोडून आम्ही खाडीकाठच्या टॉवरमध्ये आलो, ते माझ्या हट्टापायी. फ्लॅट दाखवणारा म्हणाला होता, "पाणी चढलं की समोरची बाग बुडते, बिल्डिंगला थेंब लागत नाही." बाग मुद्दाम खोलगट केलेली, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना खुली. मला ती युक्ती भलतीच आवडली. आईला नाही. "बुडवायला कोण बाग करतं?" एवढंच ती म्हणाली.

पहिल्याच पावसाळ्यात सोसायटीचा सत्यनारायण ठरला. बागेत, दुपारी बाराला. पूजेला पौर्णिमाच हवी, असं म्हणणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. गेटवर मासे विकणाऱ्या कोळीण मावशी म्हणाल्या, "पुनवेला, भर दुपारी? उधाणाचं पानी येल, दादा. आईला तिथं नको बसवू." मी हसण्यावारी नेलं. उधाणात बागेत थांबू नका, अशी पाटी होती खरी, पण तिच्यावर आम्हीच मांडवाचं कापड ताणलं होतं.

आईचे गुडघे गेलेले, आधाराशिवाय उठता येत नाही. तिला पुढच्या खुर्चीवर बसवून मी शिऱ्याचं पातेलं आणायला वर गेलो. सातव्या मजल्यावरून सहज खाली पाहिलं. खाडीकाठच्या तिवरांमधून पाणी बागेत शिरत होतं. आवाज नाही, काही नाही. माणसं चपला हातात घेऊन पायऱ्यांकडे पळत होती. आईची खुर्ची होती तिथेच होती. तिला कोणी आणलं नाही, कारण मुलगा बरोबर आहे असं प्रत्येकाला वाटलं.

लिफ्ट येईना. मी जिन्याने धावत सुटलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. पोचेपर्यंत पाणी तिच्या छातीला लागलं असेल, एवढंच डोक्यात होतं.

खाली इमारतीचा चौथरा कोरडा ठणठणीत होता, अगदी फ्लॅट दाखवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे. चौथऱ्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या, आणि मांडीभर पाण्यातून मावशी आईला पाठुंगळी घेऊन येत होत्या. मी चार पायऱ्या उतरलो तोवर त्या वर आल्याही.

आईला हुडहुडी भरली होती. तिने माझ्या कोरड्या शर्टावरून हात फिरवला.

"बरं झालं," ती म्हणाली, "तू वर होतास."